पहिला ट्रे, शेवटची कुस्ती

"आता हा मऊ रबरी रोल दाढांखाली धरा आणि जोरात चावा," डॉक्टर नाझनीन मुजावर म्हणाल्या.

मी चावलं. टक् असा बारीक आवाज झाला आणि पारदर्शक प्लास्टिकचा तो पातळ ट्रे माझ्या वरच्या दातांवर घट्ट बसला. मग खालचा. डॉक्टरांनी हातात आरसा दिला. मी ओठ उघडले, दिवा जवळ ओढला, मान तिरकी केली, तरी प्लास्टिक दिसेना. दिसत होते ते माझे जुनेच दात, फक्त ओले केल्यासारखे चकचकीत.

मला इतका आनंद झाला की मी आरसा परत द्यायचंच विसरले.

माझ्या डाव्या सुळ्याला लहानपणी जागाच मिळाली नव्हती. तो हिरडीवर चढून पुढे आला होता आणि मी हसले की सगळ्यांत आधी तोच दिसायचा. खालचे चार दात एकमेकांच्या अंगावर रेललेले. हे सगळं सत्ताविसाव्या वर्षापर्यंत मी तसंच ठेवलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा सांगलीच्या या दवाखान्यात आले, तेव्हा डॉक्टरांनी पेनाएवढा कॅमेरा तोंडात फिरवला आणि समोरच्या पडद्यावर माझे दात उभे केले. मग एक बटण दाबलं. सुळा हळूहळू खाली उतरला, शेजारचे दोन दात सरकले, खालच्या चौघांनी आपापली जागा घेतली. पंधरा महिन्यांचं काम दहा सेकंदांत झालं. मी ते डॉक्टरांना चार वेळा दाखवायला लावलं.

का करून घ्यायचंय, असं त्यांनी तेव्हा विचारलं होतं. जेवताना गाल चावला जातो, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं, पण लिहून झाल्यावरही थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

आज गुरुवार होता. त्यांनी दातांवर दातांच्याच रंगाचे सात ठिपके चिकटवले होते. त्यांच्यामुळे ट्रे दाताला पकडून ठेवतो आणि हवा तिकडे ढकलतो. बत्तीस जोड्या, एक जोडी दोन आठवडे. दिवसातले बावीस तास तोंडात. खाताना काढायचा, ब्रश करून परत घालायचा. घातलेला असताना साधं पाणी सोडून काही प्यायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतील, आणि बोलताना जीभ अडखळेल, खास करून स आणि श ला.

हे शेवटचं ऐकल्यावर मी त्यांना रविवारचं सांगितलं. आमच्या आसदवाडीच्या यात्रेचं कुस्तीचं मैदान रविवारी होतं आणि निवेदन माझ्याकडे होतं. दुपारी तीनपासून दिवस मावळेपर्यंत माइकवर बोलायचं.

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, मग सोमवारी सुरू करू. किंवा आज घाला आणि रविवारी तेवढे चार तास डबीत काढून ठेवा, काही बिघडत नाही.

मला दोन्ही नको होतं. मी आजच घालणार होते आणि रविवारी काढणारही नव्हते. का, ते त्यांना सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी हळू आवाजात पैलवानांची नावं म्हणत आले. तासगावला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईंनी उठून मागची सीट धरली.

निवेदन मुळात तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. गावच्या तालमीचे ते वस्ताद, आणि तीस वर्षं पाच-सहा तालुक्यांतल्या मैदानांचे निवेदक. मी दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या मांडीशी वही घेऊन बसायची आणि कोण कुठला, कुणाचा पठ्ठा, गेल्या वर्षी कुणाला पाडलं, हे त्यांना पुटपुटून सांगायची. मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज राहिला, पण दगडावर पत्रा घासल्यासारखा. त्या वर्षी त्यांनी माइक माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः शेजारी बसले. तेव्हापासून तीन वर्षं मी बोलत होते. बाईनं कुस्तीवर काय बोलायचं, असं सुरुवातीला म्हणणारे लोकही आता यात्रेआधी फोन करून विचारायचे, ताई, यंदा तुम्हीच आहात ना?

मी घरात शिरले तेव्हा तात्या सोप्यात बसून होते. मी तोंड उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं.

"आवाजाला दात कशाला लागत्यात?" ते म्हणाले.

मी म्हटलं, तात्या, गाल चावला जातो. पण म्हणताना "चावला"चा च सुद्धा ओला निघाला. ते चष्मा काढून परत वर्तमानपत्रात शिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचं सगळं खरं झालं. एक आकडा लहान बूट दिवसभर पायात घालावा तसे दात आवळले होते. ट्रे काढला तरी भाकरी तोडवेना, दुधात कुस्करून खाल्ली. वरच्या ट्रेची एक कड गालाला घासत होती, ती नखाच्या कानसीनं गुळगुळीत केली. चहा दिवसाला सहा कप लागायचा. पण प्रत्येक चहाला ट्रे काढा, दात घासा, ट्रे धुवा, परत घाला, एवढं केल्यावर दुपारपर्यंत मी दोनवर आले. आणि ठणका असूनही मी खूश होते. दुखतंय म्हणजे दात हलतायत, एवढंच मला कळत होतं. दर तासाला मी जिभेनं सुळा चाचपून बघायची, जणू तो एका रात्रीत ओळीत येऊन उभा राहणार होता.

आज सात वर्षांनी तो ओळीत आहे. रोज झोपताना मी अजूनही एक ट्रे घालते, दात परत फिरू नयेत म्हणून. पण ते पहिले तीन दिवस जेवढे आठवतात तेवढे पुढचे पंधरा महिने आठवत नाहीत.

त्या शुक्रवारी शाळेत, मी शिकवते त्या चौथीच्या वर्गात, मी "शांत बसा" म्हटलं आणि सगळा वर्ग शांत बसायच्या ऐवजी मला तसंच म्हणून दाखवायला लागला. मी त्यांनाच कामाला लावलं. स चे शब्द फळ्यावर लिहायचे, मी वाचायचे, चुकले की त्यांनी हात वर करायचा. त्या दिवशी सगळ्यांचे हात दुखले असतील.

संध्याकाळी तालमीत गेले. कुस्त्यांची यादी आली होती. शेवटची, मानाची कुस्ती मुलींची होती. एका बाजूला आमची पृथा येडगे. एकोणीस वर्षांची, तात्यांच्या हाताखाली सातवीपासून तयार झालेली, गेल्या वर्षीही हीच मानाची कुस्ती तिनं मारली होती. आणि दुसऱ्या बाजूला सासवडची शर्वरी सासणे.

ते नाव मी दोनदा मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. बैठका मारता मारता पृथा थांबली आणि खाली बसून हसायला लागली.

"ताई, तिचं नाव घेऊच नका. नुसतं 'पाहुणी' म्हणा."

तात्याही हसले. मी हसले. आणि हसून झाल्यावर लक्षात आलं की माझा हात तोंडावर गेला नव्हता.

ही गोष्ट माझ्यासाठी लहान नव्हती. मी कधीही हसले की डावा तळहात आपोआप ओठांपुढे यायचा. तो कधी येतो हे मलाही कळायचं नाही. पण गुरुवारपासून तो आला नव्हता. शनिवारी बाजारात मी मुद्दाम लक्ष ठेवलं. बांगड्यावालीशी घासाघीस केली, मैत्रिणीशी गप्पा मारल्या, हात पिशवीतच राहिला. दात तसूभरही हलले नव्हते. पण ट्रे तोंडात होता, आणि तो असला की मी त्या पडद्यावरची शेवटची मी व्हायची, सरळ दातांची. म्हणून तर रविवारी मला तो काढायचा नव्हता. त्याची डबी मी घरी शाळेच्या पिशवीतच ठेवून गेले, म्हणजे काढायचा विचारही येऊ नये.

रविवारी दोन वाजताच माळावर माणूस मावत नव्हतं. लाल मातीचा आखाडा पाणी, ताक, लिंबू टाकून मळलेला. हलगीवाले कडेला हलग्या तापवत बसलेले. व्यासपीठावर आमचं टेबल, मी, शेजारी कोशा फेटा बांधलेले तात्या. समोर सांगलीच्या केबल चॅनेलचा कॅमेरामन प्रणव खोत तिकाटणं लावत होता. कुस्त्या थेट दाखवणार होते.

त्यानं सांगितलं की यंदा दोन कॅमेरे आहेत. एक आखाड्यावर आणि दुसरा माझ्यासमोर. मोठ्या कुस्तीला मधून मधून मला दाखवणार. चालेल ना, असं त्यानं विचारलं.

मी म्हटलं, लावा.

पहिले दोन तास झकास गेले. लहान गटाच्या कुस्त्या भराभर निकाली होत होत्या, हलगी कडाडत होती, आणि मी बोलत होते. कुठं स घसरायचा, पण हजारो माणसांच्या गलक्यात कोण ऐकतंय. घसा कोरडा पडला की पाण्याचा घोट घ्यायची. चहाचे कप समोर येत होते आणि तसेच गार होत होते. ऊन उतरलं, माणसं आणखी वाढली, झाडांवर चढली. मला वाटलं, जमलं.

साडेपाचला मानाची कुस्ती पुकारायची वेळ झाली. हलगी थांबली. सगळं मैदान गप्प झालं. अशा शांततेत नाव पुकारायचं असतं, तात्यांनी मला शिकवलं होतं, नाव एकट्यानं मैदानात चालत आलं पाहिजे.

मी पृथाचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. मग मी म्हटलं, "आणि शाशवडची शर्वरी शाशणे."

एक क्षण काहीच झालं नाही. मग डाव्या बाजूनं हसू फुटलं आणि सगळ्या माळावर पसरलं. मी घाईनं परत म्हटलं. परत तसंच निघालं, उलट जास्त वाईट. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "शाशणे, या की आत." मग आणखी चार जण तसंच ओरडले.

शर्वरी आखाड्याच्या कडेला उभी होती. सडसडीत, कान कुस्त्यांनी सुजून घट्ट झालेले. तिनं वाकून मातीला हात लावला होता आणि तशीच वाकलेली ती वर माझ्याकडे बघत होती. ती चिडली असती तरी चाललं असतं. तिच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. इतक्या लांबून आपण आलो आणि इथं आपलं नावच हसण्यावारी गेलं, ते कशामुळे, हे तिला कळत नव्हतं.

मला कळत होतं. आणि काय करायचं तेही. पण समोरच्या कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला होता.

आता सांगते, दात कशासाठी.

आदल्या वर्षी याच टेबलावर, याच मानाच्या कुस्तीला, पृथानं तिच्याहून जड मुलीला उचललं होतं. मी उभी राहून बोलत होते. "पृथानं कंबर धरली, पृथानं उचललं, आणि पृथा..." इतक्यात कॅमेरा गर्रकन माझ्याकडे फिरला. मला काच दिसली. माझा हात तोंडावर गेला आणि वाक्य तिथंच मेलं. पृथा जिंकली तेव्हा लाऊडस्पीकरमधून काहीही आलं नाही. माइक बंद पडला असं सगळ्यांना वाटलं. वायरमनला लोकांनी शिव्या घातल्या आणि मी त्या घालू दिल्या. नंतर चॅनेलवर ते चित्र मी एकदाच बघितलं. खाली आमची पोर आयुष्यातली पहिली मोठी कुस्ती मारतेय आणि वर तिची निवेदक तोंड झाकून उभी आहे. दुसऱ्या महिन्यात मी दातांच्या डॉक्टरांचा पत्ता विचारायला लागले.

आणि आता शर्वरी माझ्याकडे बघत होती.

मी माइक खाली ठेवला. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं मागच्या दाढेपाशी आतून बोट अडकवलं. ठिपक्यांमुळे ट्रे सुटेना. नख घसरलं, हिरडीला लागलं. मग वरचा सुटला, लाळेची तार घेऊन बाहेर आला. मग खालचा. लाल दिवा तसाच होता. ते ओले दोन्ही ट्रे मी समोरच्या कागदी रुमालावर टाकले आणि माइक उचलला. तोंडात हवा गार लागली. जिभेला माझा जुना सुळा लागला.

"माफी मागते," मी म्हटलं. "चूक माझ्या जिभेची होती. नाव नीट ऐका. सासवडची शर्वरी सासणे."

सगळे स आणि श जागच्या जागी पडले. मग एक टाळी आली, मग हजार. शर्वरी सरळ उभी राहिली, तिनं माझ्याकडे बघून मान हलवली आणि मातीत उतरली.

अशी कुस्ती मी त्यानंतर बघितली नाही. पहिली पाच मिनिटं दोघी नुसत्या एकमेकींचे हात झटकत होत्या. मग पृथा खाली शिरली, तिनं शर्वरीचा पाय धरला, पट काढला आणि तिला गुडघ्यावर आणलं. आमचा सगळा गाव उठून उभा राहिला. पृथा वर, शर्वरी खाली, दोघी मातीनं लाल. पृथानं तीनदा तिला उताणी करायचा प्रयत्न केला आणि तीनदा शर्वरी कोपरं रोवून तशीच राहिली. मी बोलत होते. काय बोलत होते ते आठवत नाही, पण शब्द मागं पडत नव्हते, त्या दोघींच्या हातापायांबरोबर येत होते. बारावं मिनिट. पृथा पकड बदलायला अर्धा क्षण सुटली आणि शर्वरी खालून उसळून उभी राहिली. उठतानाच तिनं पृथाचा दंड आणि मान एकाच कवेत घेतली, कंबर आत घातली.

"ढाक लावली," मी ओरडले. "शर्वरीनं ढाक लावली, पृथाचे पाय सुटले, पृथा हवेत, आणि पाठ मातीला. चितपट. सासवडच्या शर्वरी सासणेनं आसदवाडीचं मैदान मारलं."

हलगी पुन्हा कडाडली. मी समोर बघितलं तेव्हा कॅमेरा माझ्यावर होता, कधीपासून कोण जाणे. एका हातात माइक होता आणि दुसरा डोक्याच्याही वर गेला होता. मी तोंड भरून हसत होते. मी तशीच काचेत बघत राहिले.

आमच्या गावची मुलगी हरली होती, तरी सगळा माळ टाळ्या वाजवत होता. फक्त एक माणूस वाजवत नव्हता. तात्या. ते खुर्चीत ताठ बसले होते, उजवा हात मांडीवर, मूठ आवळलेली. सात वर्षं घडवलेली त्यांची पोर चितपट झाली आणि त्यांची सख्खी मुलगी माइकवरून पाहुणीचा जयजयकार करत होती. शर्वरी व्यासपीठावर आली, आधी त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला. डावा. शेजारच्या पंचांनीही ते बघितलं. मग पृथा रडत आली. तिलाही त्यांनी डाव्याच हातानं जवळ घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. उजवी मूठ तशीच.

बक्षीस समारंभ आटोपला, माणसं पांगायला लागली. मी ट्रे घ्यायला टेबलाकडे वळले. टेबल रिकामं होतं. बचत गटाच्या बायकांनी कप, बशा, कागदी रुमाल, सगळं गोळा करून नेलं होतं. ट्रे सगळ्यांत जास्त रुमालातूनच कचऱ्यात जातात, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. मी धावत मागं गेले. त्या बायकांना विचारलं, दोन पोती उलटी केली, चहानं चिकट झालेले कप एकेक करून बाजूला केले. काही नाही. फक्त तीन दिवस घातलेली पहिली जोडी मी घालवून बसले होते.

हात पुसत परत आले तेव्हा व्यासपीठावर तात्या एकटेच बसले होते. मी त्यांच्याकडे न बघता टेबलाखाली वाकले.

"वैजे," ते म्हणाले.

मी वर बघितलं. त्यांनी उजवी मूठ माझ्यापुढे धरली आणि उघडली. आत दोन्ही ट्रे होते. तळहातावर त्यांच्या कडांचे वळ उठले होते, लाल, अर्धगोल.

"ती बाई रुमालासकट उचलत हुती," ते म्हणाले.

मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं.

"तू बोलत हुतीस की." त्यांनी घसा खाकरला. "गेल्या साली माइक बंद पडला नव्हता, ते मला तवाच कळलं हुतं."

मी त्यांच्या हातातून ट्रे घेतले आणि तोंडाकडे नेले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"आदी धू," ते म्हणाले. "मग घाल."